डोक्याच्या परीक्षेचा पेपर म्या फोडला

मला लिवता येत न्हाय. शाळंत पहिल्याच दिवशी म्या मास्तरांच्या खुर्चीवर जाऊन बसलो, कारण तेवढी एकच जागा मोकळी दिसली. तितनं जो पळालो, त्यो परत गेलोच न्हाय. त्यामुळं ह्ये समदं म्या नातीच्या मोबाईलवर बोललोय आन तिनं कागदावर उतरवलंय. लिवता लिवता ती म्हणली, "आबा, ह्यात तुमी लईच येडं दिसताय." म्हणलं, ऱ्हाऊ दे. हाय तसाच दिसतोय.

शेळगाव आन कळसच्या मधी आमची वस्ती. माझं काम दुधाच्या टेम्पोचं. सकाळी डेअरीवरचं कॅन भरायचं, इंदापूरच्या रस्त्याला पोचवायचं, आन दुधाची फॅट लावायला उभ्या ऱ्हायलेल्या लोकांना हसवायचं. हे शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं न्हवतं.

आमच्या घरात हुशारी एकटीकडं, कारभारणीकडं. म्हैस अडली की लोक डॉक्टरच्या आधी तिला बोलवायचे. रेडकू आडवं आलंय का पाय दुमडलाय, ह्ये नुसता हात घालून सांगायची. म्या बाहीर उभं ऱ्हाऊन गरम पाण्याची बादली धरायचो. लोक म्हणायचे, "तात्या, तुमी दोघं मिळून लई चांगलं काम करता." म्हणायचो, "व्हय, अर्धं ती करती, अर्धं बादली."

दोन सालामागं ऊसतोड चालू व्हायच्या टायमाला तिची चाल बदलली. पाय उचलून टाकायची बाई, ती घासत चालाय लागली. जणू तळव्याला खळ लावलीय आन भुई सोडतच न्हाय. वळायचं म्हणलं तर जागच्या जागी बारीक बारीक सात-आठ पावलं टाकायची. म्या डेअरीवर चारचौघात म्हणलं, "कारभारीण, पहिल्या गेरातनं बाहीर या की!" समदी हसली. ती बी हसली. मग च्यात मीठ पडाय लागलं, त्येच्यावर बी म्या हसवलं. मग तिला लगवीला धरवंना, ठेचकाळत पळायची. त्येच्यावर बी म्या चारचौघात बोललो. त्यो इनोद काय व्हता त्ये हितं सांगत न्हाय. नातीनं लिवलं नसतं.

मग शेजारच्याची म्हैस अडली. कारभारणीनं हात आत घातला आन तशीच थांबली. घरवालं मागं उभं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आन हळूच इचारलं, "अवो, आता काय करायचं असतंय?"

मला काय म्हाईत? जल्मभर नुसतं पाणी धरलं. म्या आपलं म्हणलं, "वढ." तिनं वढलं. म्हशीनं बी जोर लावला, आन नशीब म्हणून रेडकू सरळ व्हतं, त्ये आलं. लोक म्हणले, वहिनींचा हात म्हणजे हात. म्या बी म्हणलं, व्हय व्हय. घामानं माझी बंडी पाठीला चिकटल्ती.

घरी येताना ती म्हणली, "कुणाला सांगू नका. एकदा का येडी म्हणली की मला कुणी गोठ्यात घ्यायचं न्हाय."

म्हणलं, न्हाय सांगत. माझ्या तोंडात आजवर एक गोष्ट टिकली न्हवती. ही टिकली. टिकायला नको तीच टिकली.

त्येच्यानंतर म्हैना-दीड म्हैन्यानं ती मेंदूवाली मंडळी वस्तीवर आली. म्होरं एक पोरगी व्हती, वडगाव निंबाळकरच्या ऊसवाल्याची, पुण्यात शिकलेली. समाजमंदिरात तिनं साठीच्या वरच्या समद्यांना बसवलं आन सांगितलं, की मेंदू म्हातारा कसा व्हतो ह्याचा अभ्यास चाललाय. एका डॉक्टरनं व्हणारं काम न्हाय. मेंदूचं डॉक्टर, संगणकवालं, मशीनवालं, कुठल्या कुठल्या देशातलं, समद्यांनी मिळून हात घातलाय. गावोगावच्या माणसांच्या डोक्याचं फोटू आन परीक्षा एका ठिकाणी गोळा करायच्या. मग संगणक हजारो डोकी एकमेकाशेजारी ठेवून बघणार, की कुठलं डोकं कवापासनं बिघडाय लागलं.

म्या हात वर केला. "म्याडम, माझा मेंदू परदेशात जायाचा म्हणजे पासपोर्ट लागंल का?"

"तात्या, मेंदू हितंच ऱ्हाणार. फोटू जाणार. त्यो बी नावाशिवाय, नुसत्या नंबरावर."

आमच्या वस्तीवरचं किराणा दुकानवालं चाचा, माझ्या बरोबरीचं, मागनं म्हणलं, "आन फोटू रिकामा आला तर फेरतपासणी करू नका म्याडम. आमाला आधीच म्हाईत हाय."

समदी हसली. कारभारीण न्हाय हसली. तिनं माझ्या धोतराचं टोक मुठीत धरलं व्हतं. साठीच्या वरच्या समद्यांची यादी भिंतीवर लावलेली, आन तिचं नाव त्यात. यावंच असं न्हाय, ज्येची त्येची मर्जी, असं पोरगी दोनदा म्हणली. पण समदी वस्ती जाणार आन ही एकटी न्हाय गेली, तर लोक इचारणार, का न्हाय गेली? गेली तरी अडचण, न्हाय गेली तरी अडचण.

पहिल्या दिवशी चाचा जाऊन आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर फॅटच्या लाईनीत माणसांनी त्यांना घेरलं. आमच्याकडं परीक्षा म्हणलं की पहिलं इचारत्यात, पेपर काय आल्ता? त्यात कुणाला पाप वाटत न्हाय. शेजाऱ्यानं सांगितलं न्हाय तरच त्यो वाईट. चाचांनी बी मोठ्या अभिमानानं सांगितलं. "आठ शब्द म्हणून दाखवत्यात. ध्यानात ठेवायचं. मधी दुसरंच काय काय इचारत्यात आन मग परत इचारत्यात, कुठलं आठ? कुऱ्हाड, चिंच, टोपी, रेडा, खिडकी, मीठ, घोडा, दोरी."

चौघांनी जागेवर पाठ केलं. म्या काय केलं? म्या टेम्पो घेऊन निघालो आन रस्त्यात जी कॅनवाली भेटली त्या समद्यांना ऐकवलं. चालीवर. जल्मात पहिल्यांदा मला एक परीक्षा यायला लागल्ती, उतू जायाचो म्या. तिसऱ्या दिवशी वस्तीवरची बारकी पोरं बी कुऱ्हाड-चिंच करत खेळत व्हती.

आन घरात म्या मास्तर झालो. ती धार काढायची आन म्या समोर उकिडवा. "कुऱ्हाड?" "चिंच." "म्होरं?" "टोपी... अवो, टोपीच्या म्होरं काय?" चार दिवस. दुधाच्या धारंबरोबर शब्द. कवा सात यायचं, कवा तीन. एकदा तिनं मधीच धार थांबवली आन म्हणली, "ह्ये समदं त्यांना खरंच वाटंल?" म्या म्हणलं, "तू नुसतं म्हण." आज वार कुठला, असलं प्रश्न बी शिकवलं. वार लक्षात ऱ्हावा म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी तिच्या हातावर पेनानं सूर्य काढला, आयतवार म्हणून. चार रेघांचा सूर्य, त्यो बी वाकडा आला.

परीक्षेच्या दिवशी मंडळीतल्या एका बाईपुढं ती एका खोलीत, पोरगीपुढं म्या दुसऱ्या. मधी पातळ भिंत. तिकडनं तिचा आवाज यायला लागला. "कुऱ्हाड, चिंच, टोपी, रेडा..." आन थांबली. म्या हिकडं डोळं मिटून घेतलं. खिडकी म्हण. खिडकी. त्या खोलीत समोरच मोठी खिडकी हाय की गं, बघ वर!

"...खिडकी," ती म्हणली. माझा जीव भांड्यात पडला.

हिकडं माझ्यासमोर पोरगीनं शब्द वाचलं व्हतं, त्याकडं माझं ध्यानच न्हवतं. ती म्हणली, "तात्या, आता तुमी सांगा." म्या छाती फुगवून म्हणलं, "कुऱ्हाड, चिंच, टोपी, रेडा, खिडकी, मीठ, घोडा, दोरी!" आठच्या आठ.

पोरगी माझ्याकडं बघतच ऱ्हायली. तिनं मला दुसरीच यादी वाचून दाखवल्ती. एका घरातली दोघं एकाच टायमाला बसली की त्यांना दोन वेगळ्या याद्या द्यायच्या असत्यात, ह्ये चाचांना कुठनं म्हाईत असणार? भिंतीपलीकडनं ऐकलं असंल, असं वाटलं तिला. कागदावर बराच वेळ लिवत ऱ्हायली. समद्या वस्तीत शून्य मार्क मिळवणारा म्या एकटा.

मग चालायची परीक्षा. कमरंला काडेपेटीएवढी एक डबी बांधत्यात, ती पावलं मोजती. कारभारीण निघाली. घासत, अडत. वळताना तिची ती बारीक पावलं सुरू झाली. पोरगी वाकून बघाय लागली. म्हणली, "तात्या, काकी अशी कधीपासनं चालत्यात?"

शब्द पाठ करून घेतलं व्हतं, चालणं कसं पाठ करून घेणार? म्या पटदिशी म्हणलं, "गुडघं. गुडघं दुखत्यात तिचं. थंडीत जास्ती." पोरगीनं लिवलं, गुडघं. कारभारणीनं माझ्याकडं बघितलं. तिचं गुडघं माझ्यापेक्षा ठणठणीत व्हतं.

आठवड्यानं बारामतीला फोटूला नेलं. बोगद्यासारखं मशीन, आत ठोकाठोकीचा आवाज. म्या बाहीर बाकड्यावर. सोबतच्यांना हसवायचं म्हणून एक-दोन गोष्टी सुरू केल्या, मधीच विसरलो. काचंतनं तिचं पाय दिसत व्हतं, नुसतं तळवं. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, जे ती सांगत न्हाय, जे म्या सांगू देत न्हाय, त्ये ह्या मशीनला दिसलं तर बरं. आन लगीच वाटलं, न दिसलं तर बरं.

चार म्हैने कायच न्हाय. तेवढ्यात ती दोनदा आपल्याच गोठ्यासमोर पडली. म्या लोकांना गुडघंच सांगत ऱ्हायलो. आता चाचा बी सांगाय लागलं, वहिनींचं गुडघं लई धरलंत. खोटं एकदा डेअरीवर गेलं की वस्तीचं व्हतं.

मग एके दिवशी समाजमंदिरात परत बोलावणं. पोरगी आल्ती, संगट एक मोठं डॉक्टर. पोरगीचं तोंड उतरलेलं. ती उभी ऱ्हायली आन म्हणली, "संगणकानं आपली वस्ती वेगळी काढलीय. एवढ्या गावात, एवढ्या देशात कुठंच असं न्हाय. हितल्या म्हाताऱ्या माणसांना समदं शब्द आठवत्यात, त्ये बी एकाच क्रमानं. कुणी मधला शब्द आधी म्हणत न्हाय. मला वर इचारलंय, तू आधीच शब्द सांगितलंस का. मी न्हाय सांगितलं. कुणी सांगितलं ह्ये मला नको. पण असं झालंय का, एवढं सांगा."

चाचा छताकडं बघत व्हतं.

"तुमी समदी ऊसवाली हाय," ती म्हणली. "समद्यांचा ऊस कारखान्याच्या एकाच गव्हाणीत पडतो. एका मोळीत दगूड असला तर कारखाना थांबतो. ह्ये बी तसंच हाय. ह्या उत्तरांवरनं उद्या कुठल्यातरी गावातल्या म्हाताऱ्याला डॉक्टर सांगणार, तुमाला कायबी झालं न्हाय."

मग डॉक्टर बोललं, शुद्ध, हळू. "आणखी एक आहे. ह्या वस्तीतल्या एका नंबरापुढे संगणकाने खूण केली आहे. मेंदूच्या फोटोत पाण्याची जागा फुगलेली दिसते. पण परीक्षा उत्तम आहे आणि चालण्याचं कारण वेगळं लिहिलं आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही. परीक्षा खरी असेल तर ते वयाचं असू शकतं. खोटी असेल तर त्या माणसाला लगेच तपासायला हवं, कारण ह्या एका आजारावर इलाज असतो. उशीर झाला तर तोही हाताबाहेर जातो. तो नंबर कुणाचा हे मी इथे बोलणार नाही. घरी येऊन भेटेन. पण मला खरं सांगा."

कारभारीण माझ्या शेजारी. तिनं हळूच माझ्या मांडीला चिमटा घेतला आन तसाच धरून ठेवला. म्हणजे गप. डॉक्टर घरी आल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, त्ये सवताच तसं म्हणत व्हतं. पण म्या मला वळखतो. घरी ती रडली असती आन म्या परत गुडघंच म्हणलं असतं.

म्या उभा ऱ्हायलो.

आन समदी हसली. म्या तोंड बी उघडलं न्हवतं. तात्या उठलं म्हणजे कायतरी इनोद, एवढंच त्यांना म्हाईत. चाचा म्हणलं, "बसा, आता पासपोर्टचं काढणार."

म्हणलं, "शब्द म्या वाटलं. टेम्पोतनं. घरोघर."

परत हसली. एकजण म्हणला, "दुधासंगं फुकट!" त्येवर आणखी हसली. पोरगी बी तोंडावर हात ठेवून उभी, हसतीय का रडतीय कळंना.

म्हणलं, "हसू नका. हसू नका म्हणतोय. हिचं गुडघं चांगलं हायत."

हसणं बारीक झालं, थांबलं न्हाय.

"हिचं गुडघं चांगलं हायत, डॉक्टर. म्या खोटं सांगितलं. हिला पाऊल उचलत न्हाय. हिला लगवी धरवत न्हाय. म्या धारंला बसून शब्द पाठ करून घेतलं. हातावर सूर्य काढला. शेजाऱ्याच्या म्हशीत हात घालून हिनं मला इचारलं, आता काय करायचं. मला! त्यो नंबर हिचा हाय. दुसऱ्या कुणाचा असणारच न्हाय."

आता कुणी हसंना. जल्मभर म्या ज्या लोकांना हसवलं, त्यांना गप करायला एवढं लागलं. मांडीवरचा चिमटा सुटला. कारभारीण उठली, पदर नीट केला, आन घासत घासत समद्यांच्या समोरनं दारापर्यंत गेली. लई लांब वाटलं त्ये अंतर. कुणी हात द्यायला उठलं न्हाय, कारण ती कुणाचा हात घेईल असं तिचं तोंड न्हवतं.

त्या दिवशी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "बोलायच्या आधी मला इचारायचं व्हतं."

आमच्या वस्तीचा सगळा हिशोब अभ्यासातनं काढून टाकला. पोरगीला वरनं बोलणी खावी लागली. चाचा आठवडाभर माझ्याशी बोललं न्हायत, म्हणले, गावाची इज्जत घालवली. मग त्येच एक दिवस घरी आलं, दारातनंच कारभारणीला म्हणलं, "वहिनी, पहिला पेपर म्या फोडला. ह्यानं नुसता वाटला," आन च्या न घेता गेलं.

बारामतीला दवाखान्यात तिच्या डोक्यात साठलेलं पाणी पाठीच्या कण्यातनं सुईनं थोडं काढलं. त्येच्या आधी चालवून मोबाईलात टिपलं, आन पाणी काढल्यावर थोड्या टायमानं परत चालवायचं. फरक पडला तर आपरेशन, न्हाय पडला तर न्हाय, असं डॉक्टर म्हणलं. म्या व्हरांड्याच्या कडंला उभा, पोरगी त्या टोकाला. म्हणलं कायतरी बोलावं, तिला हसू आलं तर पाय हलका पडंल. पण म्या पावलंच मोजाय लागलो. ती निघाली. पहिली चार पावलं तशीच, घासत. पाचवं उचललं. सहावं उचललं. टोकाला जाऊन वळली आन म्या मोजलं. आठ लागायची, तिला तीन लागली. तिनं माझ्याकडं न बघता पोरगीला इचारलं, "बाई, बरोबर आलं का?" आन पोरगी भिताडाकडं तोंड करून उभी ऱ्हायली.

पुण्यात आपरेशन झालं. डोक्यातनं पोटात कातडीखालनं बारीक नळी. म्या तिला म्हणलं, तुला ठिबक बसवलं. जरा हसली, पण त्ये लई दिवसांनी. चाल आली, लगवी थांबली. विसरणं अर्धं गेलं, अर्धं ऱ्हायलं. म्या डॉक्टरला इचारलं, आधी आलो असतो तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आन म्हणलं, सांगता येत नाही, पण आधी आलेलं बरं असतं. ते माणूस चांगलं हाय म्हणून तेवढ्यावर थांबलं. जे चार-पाच म्हैने गेलं त्ये माझ्या गुडघ्यात गेलं. म्या सांगितलेल्या.

गोठ्यात तिला अजून बोलवत्यात. पण आता ती जाताना शेजारच्या सुनंला संगट घेती, आन सरळ सांगती, "म्या इसरले तर तू आठवण कर."

गेल्या म्हैन्यात पोरगी परत आली. समद्या वस्तीची परीक्षा नव्यानं, यादी नवी. ह्या वेळी डेअरीवर कुणी कुणाला इचारलं न्हाय. इचारलं असतं तरी चाचांनी दुकानाचं शटर वढलं असतं. पोरगीनं कारभारणीला आत घेतलं आन मला म्हणली, "तात्या, तुमी बाहीर. आन भिंतीपासनं लांब."

म्या पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसलो. दोन्ही हात मांडीखाली दाबून. तरी आवाज येतच व्हता. तिनं दोन शब्द सांगितलं, मग तिसरा. मग कायच न्हाय. लई वेळ कायच न्हाय. मला त्यातला एक बी शब्द म्हाईत न्हवता आन तरी माझी जीभ टाळ्याला हालत व्हती.

मग ती म्हणली, मोठ्यानं, कुणाला भ्यायचं कारण नसल्यासारखं, "म्होरचं न्हाय आठवत, बाई. न्हाय आठवत म्हणून लिव."